‘भ्रष्टाचार संपवतो’ म्हणणाऱ्या पुढाऱ्याची पारख कशी करायची

निवडणूक जवळ आली की खानापूर, निपाणी, बेळगावच्या कट्ट्यांवर एक वाक्य हमखास कानावर येतं: “एकदा मिलिटरीचं राज्य येऊ दे, मग बघा सगळे कसे सुतासारखे सरळ होतात.” मी निवृत्त शिक्षिका आहे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात लोकांचे अर्ज कन्नडमध्ये लिहून देते. असं बोलणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थीही असतात. त्यांना मी आधी थायलंडकडे बघा म्हणते, कारण त्या देशानं हा उपाय करून पाहिलाय.

तिथं 1991 ला आणि 2006 ला लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं, तेव्हा पुढे केलेल्या कारणांत पुढाऱ्यांचा भ्रष्टाचार होता. 2014 ला पुन्हा तेच झालं. सत्ता हाती घेतलेल्या जनरल प्रयुत चान-ओचा यांनी भ्रष्टाचार मोडून काढायचं वचन दिलं. देशोदेशीचा भ्रष्टाचार जोखणाऱ्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेच्या निर्देशांकात त्या वर्षी थायलंडला 100 पैकी 38 गुण होते, जितके जास्त तितका कारभार स्वच्छ. 2024 ला ते 34 झाले. आपला भारत दोन्ही वर्षी 38 वरच आहे, त्यामुळे आपणही छाती फुगवायचं कारण नाही.

तेव्हा पुढाऱ्याच्या आवाजावर जाऊ नका. पहिल्यांदा बघा, त्याची छडी स्वतःच्या माणसावर पडते का. थायलंडमध्ये तांदूळ खरेदीच्या प्रकरणात पदच्युत सरकारच्या वाणिज्यमंत्र्याला 2017 ला 42 वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षाअखेर उपपंतप्रधान जनरल प्रवित वोंगसुवान यांच्या मनगटावर महागडं घड्याळ दिसलं. लोकांनी जुने फोटो धुंडाळले, तर वीसच्या वर घड्याळं निघाली. मालमत्तेच्या घोषणापत्रात ती नव्हती. वारलेल्या मित्राची, वापरायला घेतलेली, असं सांगण्यात आलं आणि भ्रष्टाचारविरोधी आयोगानं पुढच्या वर्षी प्रकरण बंद केलं. शिक्षा फक्त विरोधकांना होते, तिथं भ्रष्टाचार कमी होत नाही, फक्त खाणारी माणसं बदलतात.

दुसरं बघा, तपासाची किल्ली कुणाकडे आहे. हे आपल्या कर्नाटकात शिकायला मिळतं. लोकायुक्ताचा कायदा इथं 1984 चा. 2011 ला लोकायुक्त न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा बेकायदा खाणींवरचा अहवाल आला आणि मुख्यमंत्री येडियुरप्पांना राजीनामा द्यावा लागला. म्हणजे पुढाऱ्यांनीच केलेला कायदा पुढाऱ्यापर्यंत पोचू शकतो. पण 2016 ला सिद्धरामय्यांच्या सरकारनं एसीबी, म्हणजे सरकारच्याच हाताखालचं भ्रष्टाचारविरोधी पथक, काढली आणि लोकायुक्त पोलिसांचे तपासाचे अधिकार तिकडे गेले. पुढे वेगवेगळ्या पक्षांची सरकारं आली, एसीबी तशीच राहिली. शेवटी ऑगस्ट 2022 मध्ये ती रद्द केली ती हायकोर्टानं. म्हणून मी सांगते, पुढारी भ्रष्टाचार आवरू शकतो, पण स्वतःची सत्ता दुसऱ्याच्या हाती द्यायची तयारी असेल तरच. मत मागायला आलेल्याला तोंडावर विचारा: लोकायुक्ताची नेमणूक वेळेत होईल का, आणि तुमच्याच आमदारावर खटला भरायला परवानगी द्याल का?

तिसरी पारख मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गरिबाच्या हातात एखादा कागद येतो का? प्रयुत यांच्या काळातच, 2015 ला, थायलंडनं परवान्यांचा कायदा केला: कुठली कागदपत्रं, किती फी, किती दिवस, हे प्रत्येक कार्यालयानं जाहीर करायचं. आपल्याकडे कर्नाटकात 2012 च्या एप्रिलपासून ‘सकाल’ सुरू आहे, म्हणजे सरकारी काम ठरलेल्या दिवसांत करून द्यायची हमी. पण इथल्या आपल्या मराठी लोकांची अडचण वेगळी. फॉर्म कन्नडमध्ये, उत्तर कन्नडमध्ये, त्यामुळे उताऱ्यावर वारसा लावायला गेलेला म्हातारा बाहेरच्या एजंटाच्या हाती सापडतो. एजंट लिहिण्याचे पैसे घेतो, आणि त्यातच “आतल्या साहेबांचे” म्हणून आणखी धरतो. आत ते पोचतात की नाही, कुणाला ठाऊक! लिहून देणारं माणूस गावातच असलं तर निम्मी लूट तिथंच थांबते. बारावी झालेल्या, कन्नड येणाऱ्या पोरापोरींनी आठवड्यातून एक संध्याकाळ एवढं केलं तरी पुष्कळ.

नाडकचेरीत, म्हणजे तहसीलच्या खालच्या महसूल कचेरीत, अर्ज दिलात की सकालची पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तिच्यावर पंधरा आकडी जीएससी नंबर आणि काम कधीपर्यंत व्हायचं ती तारीख असते. पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. “पावती नको, उद्या या” म्हणाले तर शांतपणे उभं राहा, भांडू नका. तारीख उलटली की वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करा. उशिराबद्दल दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500, भरपाई आहे आणि ती चुकारपणा करणाऱ्याकडून वसूल व्हायची असते. रक्कम किरकोळ आहे, पण साहेबाच्या नावावर नोंद पडते, तिला ते बिचकतात. तक्रार मराठीतून देण्यासाठी घटनेच्या 350 व्या कलमाचा आधार घ्या. तरी सोबत कन्नड प्रत जोडा, म्हणजे टोलवाटोलवीला जागा राहत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत लिहा, नाहीतर तेवढ्यावरच परत येतो.

कुणी उघड पैसे मागितले तर देण्याआधीच बेळगावच्या लोकायुक्त पोलिसांकडे जा. ते नोटांना पावडर लावून देतात, घेणाऱ्याचे हात द्रावणात बुडवले की पाणी गुलाबी होतं. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवा, तरच सुटका आहे. कुणी, कुठे, किती, किती वाजता मागितले, ते घरी पोचायच्या आधी लिहून काढा.