बर्फ लांबला तर: गुलमर्गला निघण्याआधीची तयारीची यादी

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही सहा जण छत्रपती संभाजीनगरहून स्कीइंग शिकायला गुलमर्गला गेलो, तेव्हा तिथल्या मैदानात वाळलेलं पिवळं गवत होतं. आपल्याकडे दिवाळीनंतर माळावर असतं ना, अगदी तसलंच. ज्यानं ट्रिप ठरवून दिली त्यानं ‘बर्फाची गॅरंटी’ सांगितली होती. तिथं पोचल्यावर तो फोन उचलेना. परत आल्यावर आमच्या शेती करणाऱ्या अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आभाळात काही नसताना चाड्यावर मूठ धरलीच कशाला?" डिसेंबर सरत आला तरी थंडी धरत नाही, अशा सालासाठी ही यादी त्या प्रश्नानंतर केली आहे.

पहिलं काम तारखेचं. काश्मीरचा चिल्लई कलान, म्हणजे कडाक्याचे चाळीस दिवस, २१ डिसेंबरला सुरू होतो आणि बुकिंग करणारे सगळे त्याच्यावर बोट ठेवतात. पण नुसत्या थंडीनं बर्फ पडत नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात ओल घेऊन येतात तेव्हा तो पडतो. हे झंझावात आपल्याही ओळखीचे आहेत: ते हिमालयावरून सरकले की मागून उत्तरेचे वारे उतरतात आणि परभणीचा पारा बातम्यांत येतो. २०२४ ला गुलमर्गमध्ये खरा बर्फ जानेवारीच्या अगदी शेवटी आला. २०२५ मध्ये तर बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून पुढे ढकलून ९ ते १२ मार्चला घ्यावा लागला. म्हणून हंगाम लांबलेला दिसला की फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा धरा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे दिवाळीत तारीख पक्की करायची घाईही नाही. हॉटेल मात्र पैसे परत देणारंच घ्या, दोन-तीनशे जास्त गेले तरी.

दुसरं, पहिल्या बर्फावर जाऊ नका. कृषी विभाग दर जूनला ओरडून सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, आणि तरी आपल्यातले निम्मे पहिल्याच सरीला तिफण काढून दुबार पेरणी ओढवून घेतात. स्कीचंही तेच. उबदार जमिनीवर पडलेला चार बोटं बर्फ दोन उन्हांत जातो. खाली दाबून बसलेला थर हवा. त्यामुळे तिथल्या इन्स्ट्रक्टरला "बर्फ पडला का?" असं विचारूच नका, तो "हाँ सर" म्हणणारच. "खालच्या उतारावर दगड दिसतात का?" असं विचारा आणि आज सकाळचा व्हिडिओ मागवा. नवशिक्यांचे उतार खाली, साधारण २,६५० मीटरवर आहेत आणि उबदार साली तेच आधी उघडे पडतात. गंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा ३,०८० मीटरच्या आसपास कोंगडूरीला जातो, दुसरा अफरवतला ३,९५० च्या घरात. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून खाली चिखल आणि वर बर्फ असं होऊ शकतं. पण नवशिक्यानं त्या भरवशावर दुसऱ्या टप्प्यावर स्की घेऊन जाऊ नये. तो उतार आपला नाही.

ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणणारच, "मग उत्तराखंडात औलीला जाऊ, तिथं बर्फ तयार करायची मशीन आहे." आहे खरी. त्याला घरातला कूलर दाखवा. मे महिन्यात कोरड्या हवेत तो गारेगार करतो आणि जूनमध्ये हवेत ओल आली की नुसती चिकचिक. बर्फाच्या मशीनचंही तसंच आहे. उडवलेल्या पाण्याचे थेंब बाष्प सोडत गार होतात, त्यामुळे हवा कोरडी आणि थंड, दोन्ही लागते. ओल्या कापडात गुंडाळलेला थर्मामीटर उणे दोनच्या खाली गेला तरच काम होतं. म्हणजे ज्या साली मशीनची गरज सर्वांत जास्त, त्याच साली ती गप्प बसायची भीती. शिवाय जोशीमठची जमीन खचली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, तिथून वर औलीला जाणारा रोपवे बंद झाला. तिकडे निघालातच तर वर कसं जायचं ते आधी विचारून घ्या.

आता शरीर. स्कीत मांड्या भरून येतात त्या चढताना नाही, उतरताना. म्हणून देवगिरी चढून फोटो काढून खाली आलात एवढ्यानं भागत नाही. उतरताना पायरीवर धपकन पाय न टाकता सावकाश, गुडघा वाकवून उतरा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवली की सराव बरोबर चाललाय समजा. घरी भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं बसणं, दीड मिनिटापर्यंत न्या. बर्फ कमी असलेल्या साली हे जास्तच लागतं, कारण रात्री गोठलेला उतार सकाळी काचेसारखा असतो आणि दुपारी दोननंतर पाय काळ्या मातीत रुतावा तसा स्की रुततो. गुडघे तिथेच मुरगळतात. साधारण दहा ते एक एवढाच वेळ आपला, नंतर कहवा प्यावा.

पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा. स्कीचे बूट त्याच मापात येतात, आपला आठ-नऊ नंबर तिथं चालत नाही. संध्याकाळी, टाच भिंतीला लावून, कागदावर उभं राहून मोजायचं. मोजा एकच घाला, तोही सुती नको. दोन घातले की घडी पडते आणि नडगी सोलून निघते. हे मी अनुभवावरून सांगतोय. कपड्यांत जाड स्वेटरपेक्षा वरचा जलरोधक थर महत्त्वाचा, कारण उबदार साली माणूस गारठण्याआधी भिजतो. जीन्स अजिबात नको. हातमोजे दोन जोड.

भाड्याचे स्की घेताना कडा तपासा. अंगठ्याचं नख कडेवर आडवं ओढायचं. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार आहे, नुसतं घसरलं तर दुसरी जोडी मागा. विळा घेताना अण्णा असंच करतात. तळाचा मोबाइलवर फोटो काढा. बर्फ पातळ असला की दगड लागतातच आणि जुन्या चऱ्यांचे पैसेही आपल्याकडून मागितले जातात. मी दिलेत.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. बरेच दिवस कोरडे जाऊन मग एकदम दोन-तीन फूट बर्फ पडला की सगळे आनंदानं पळतात, आणि नेमकं तेव्हाच धोका असतो. आधीचा पातळ थर थंड रात्रींत साखरेच्या दाण्यांसारखा सुटा झालेला असतो. त्यावरचं नवं वजन म्हणजे ज्वारीच्या राशीवर ताडपत्री टाकून उभं राहणं. २२ फेब्रुवारी २०२४ ला, त्याच लांबलेल्या हंगामात, गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमस्खलन होऊन एका रशियन स्कीअरचा जीव गेला. आखलेल्या उताराबाहेर जायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

बाकीचं पटकन. प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरबाहेरचं असेल तर तिथं चालत नाही, निदान एकाकडे पोस्टपेड हवं. गंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधीच काढा. विम्यात स्कीइंग धरलंय का ते वाचा, बहुतेक वेळा नसतं. सचखंड एक्स्प्रेसनं जाणार असाल तर ताट-वाटी सोबत ठेवा, वाटेत स्टेशनावर लंगर मिळतो. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी चार दिवस टिकते. दिल्लीहून पुढे कटऱ्यापर्यंत रेल्वे आहेच, आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते.

उशिरा जाण्यानं हुरडा चुकत नाही, हा एक फायदा. अण्णांनी यंदा बांधालगत हुरड्याची गुळभेंडी ज्वारी पेरली आहे. आमच्या ग्रुपची पहिली बैठक तिथेच: कागद आणि पट्टी मी आणतोय, येताना प्रत्येकानं पाय धुऊन यावं.