गोटू दुर्बीण: कॉम्प्युटरला आधी आकाश ओळखायला लावा

नवी गोटू दुर्बीण, म्हणजे नाव निवडलं की मोटरने स्वतःच तिकडे वळणारी दुर्बीण, हातात आली की माणूस पहिल्याच रात्री हँडसेटवर (तिच्या रिमोटवर) एम १३ हा तारकागुच्छ दाबतो. मोटर घरघरते, नळी ऐटीत वळून थांबते आणि नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, नुसता अंधार. मग ‘पीस खराब निघाला’ अशी तक्रार माझ्यापर्यंत येते. पीस सहसा ठणठणीत असतो. हँडसेटमध्ये हजारो पिंडांचे पत्ते भरलेले आहेत, पण आपण कुठे उभे आहोत आणि किती वाजलेत हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. बरेच हँडसेट हे विचारतात, लोक घाईघाईत काहीतरी भरतात, आणि पुढची सगळी रात्र त्याची फळं भोगतात.

सुरुवात दिवसाउजेडीच करा. किमान अर्धा किलोमीटर दूरच्या मनोऱ्याचा शेंडा निवडा, सूर्याच्या विरुद्ध दिशेचा. सूर्याकडे नळी चुकूनही वळता कामा नये. म्हणून दिवसा गोटू वापरूच नका, बाणांच्या बटणांनी नळी हळूहळू न्या. कमी वर्धनाची २५ मिमीची नेत्रिका लावून शेंडा बरोबर मध्यावर आणा आणि मग फाइंडरचे (नळीवरच्या नेम धरायच्या छोट्या साधनाचे) स्क्रू फिरवून त्याचाही ठिपका त्याच शेंड्यावर बसवा. रात्री अंधारात हे काम करणं म्हणजे निव्वळ छळ.

संध्याकाळी तिपाई समपातळीत ठेवा, बॅटरी पूर्ण चार्ज केलेली असू द्या. बॅटरी उतरली की हँडसेट वेड्यासारखा वागतो आणि दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. तारीख भरताना नीट बघा, बरेच हँडसेट आधी महिना मागतात. टाइम झोन आणि उन्हाळी वेळेचा पर्याय तपासा. अक्षांश-रेखांश अंश आणि कलांत (एका अंशाच्या ६० कला) मागितले असतील तर साडेअठरा अंश म्हणजे १८ अंश ३० कला, १८.५ बघून १८ अंश ५० कला भरणारे पुष्कळ भेटतात.

आता दोन ताऱ्यांचं अलाइनमेंट, म्हणजे दोन तारे दाखवून हँडसेटला आकाश ओळखायला लावणं. इथे वेळ घालवा, बाकी कुठेही वाचवा. तारे ठळक हवेत, एकमेकांपासून ६० अंशांहून दूर असले तर उत्तम, आणि अगदी डोक्यावरचे किंवा क्षितिजाला टेकलेले नकोत. यादीत नावं आर्क्टुरस, व्हेगा, कपेला अशी येतात. ते आपले स्वाती, अभिजित आणि ब्रह्महृदय. गुरू किंवा शुक्राला तारा समजून मध्यावर आणलंत, तर दुर्बीण बिचारी तेच खरं मानून चालेल.

तारा आधी फाइंडरमध्ये आणि मग नेत्रिकेत मध्यावर आणा. जास्त वर्धनाची १० मिमीची नेत्रिका लावली की ‘मध्य’ म्हणजे खरोखर मध्य होतो. माझी एक सवय सांगतो: तारा थोडा आउट ऑफ फोकस करायचा. ठिपक्याची तबकडी होते आणि ती नेत्रिकेच्या वर्तुळात मधोमध बसली की नाही, ते लगेच दिसतं. शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने करा, बहुतेक मॉडेलमध्ये ‘वर’ आणि ‘उजवीकडे’. गिअरच्या दातऱ्यांमधला ढिलेपणा त्यामुळे एका बाजूला जातो. तारा मध्य ओलांडून गेला तर मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने या.

मग पहिलं लक्ष्य सोपं घ्या. हंस तारकासमूहातला अल्बिरिओ घ्या, सोनेरी आणि निळसर अशी जोडी चटकन ओळखू येते. ती दिसली की एम १३ कडे जा. वस्तू दिसली नाही तर ती कडेला राहिली असेल. २५ मिमीची नेत्रिका लावून आजूबाजूला शोधा, सापडली की मध्यावर आणून सिंक करा, म्हणजे ‘ती इथे आहे’ असं हँडसेटला कळवा. तारे सगळे बरोबर येतात पण चंद्र मात्र हुकतो, असं झालं तर तारीख किंवा टाइम झोन चुकलाय असं समजा. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो.

देवयानी दीर्घिकेवरून बरेच जण निराश होतात. ती आकाशात सुमारे ३ अंश पसरलेली आहे. १००० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीत २५ मिमी नेत्रिका लावली की ४० पट वर्धन मिळतं आणि जेमतेम सव्वा अंशाचा तुकडा दिसतो. त्यामुळे दिसतो तो फक्त गाभ्याचा धुरकट ठिपका. गोटू चुकलेलं नसतं.

जमिनीवरच्या वस्तूंसाठी नियम उलटे. आधी ट्रॅकिंग (मोटरने ताऱ्यांमागे सरकत राहणं) बंद करा, नाहीतर पूर्वेकडच्या मनोऱ्याचा शेंडा दोन-अडीच मिनिटांत वर्तुळाबाहेर जाईल, कारण मोटर पृथ्वीचं फिरणं भरून काढत असते आणि मनोरा आपल्याबरोबरच फिरतोय. वर्धन कमीच ठेवा, दुपारी तापलेल्या हवेत १०० पटीवर सगळं उकळताना दिसतं. नेहमीच्या आरशाच्या डायगोनलमधून (नेत्रिकेआधी प्रकाश वळवणाऱ्या तुकड्यातून) पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटी येतात, तिथे सुलट प्रतिमा देणारा ४५ अंशाचा प्रिझम लावा.

बऱ्याच हँडसेटमध्ये जमिनीवरची जागा नाव देऊन साठवता येते. तिपाई हलली की ती नोंद निरुपयोगी, पण नेमका हाच तिचा मला आवडणारा उपयोग. रात्री मनोऱ्यावरचा दिवा साठवून ठेवा. मध्येच नेम चुकायला लागला तर त्या दिव्याकडे गोटू करा. तो मध्यावर नसेल तर कोणाचा तरी पाय तिपाईला लागलाय. पुन्हा दोन ताऱ्यांपासून सुरुवात.