पुणे ते बडनेरा: चार्ट लागल्यावर बर्थ कसा शोधायचा

माझं घर पुण्यात, माहेर बडनेऱ्याला. दिवाळीच्या तारखांचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं आणि आझाद हिंद, महाराष्ट्र एक्स्प्रेस बघता बघता वेटिंगवर जातात. मग अर्धं गाव ट्रॅव्हल्सवाले सांगतील ते भाडं मोजतं. मी मोजत नाही, कारण भरलेल्या गाडीतही जागा सुटतात. फक्त त्या चार्ट, म्हणजे कोणाला कोणता बर्थ त्याची पक्की यादी, लागल्यावर दिसतात.

चार्ट बनताना काय होतं, ते आधी समजून घ्या. इमर्जन्सी कोट्यातले न वापरलेले बर्थ, महिला कोट्यातली उरलेली जागा, शेवटच्या क्षणी रद्द झालेली तिकिटं, असं सगळं एकत्र येतं. त्यातून आधी आरएसी (बसायची जागा मिळालेले, अख्खा बर्थ नाही) आणि वेटिंगवाल्यांची सोय होते. त्यानंतर उरेल ते करंट बुकिंगला (चार्टनंतरची तिकीटविक्री). म्हणजे वेटिंग शंभरावर असताना पुणे–नागपूर अख्खा बर्थ उरेल, ही आशा सोडा. उरतात ते तुकडे. आपल्या गाड्यांना खानदेशातली मंडळी खूप असतात, ती जळगाव-भुसावळला उतरतात आणि त्यांचा बर्थ पुढे नागपूरपर्यंत रिकामा जाऊ शकतो.

हे तुकडे बघायची जागा आयआरसीटीसीवरच आहे, 2019 पासून. संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपमध्ये ‘चार्ट्स / व्हेकन्सी’ उघडा. गाडीचा नंबर (आझाद हिंदचा 12129), तारीख आणि चढायचं स्टेशन भरा. लॉगिन लागत नाही. कोणत्या क्लासमध्ये किती बर्थ रिकामे आहेत ते येतं, आणि आत गेलात की डबा, बर्थ नंबर, कुठून कुठपर्यंत रिकामा, सगळं दिसतं. लोक वरचा आकडा बघतात आणि बंद करतात. खरा माल ‘कुठून–कुठपर्यंत’ या रकान्यांत आहे.

वेळ महत्त्वाची. पूर्वी पहिला चार्ट सुटायच्या चार तास आधी लागायचा. 2025 मध्ये रेल्वेने तो बराच पुढे ओढला. आझाद हिंद संध्याकाळी सुटते, तिचा चार्ट आता सकाळीच लागतो. पहाटे पाच ते दुपारी दोन या वेळात सुटणाऱ्या गाडीचा आदल्या रात्री. जुन्या हिशेबाने दुपारी फोन हातात घेणाऱ्याला उरलेलं सुरलेलं मिळतं. दुसरा चार्ट सुटण्याआधी अर्धा तास ते पाच मिनिटं या वेळात बनतो. तोवर करंटचं तिकीट मोबाइलवर किंवा स्टेशनच्या करंट खिडकीवर मिळतं. मधल्या वेळेत कोणी तिकीट रद्द केलं की आकडा हलतो, म्हणून एकदा बघून गप्प बसू नका.

समजा तक्त्यात एक बर्थ पुणे ते मनमाड आणि दुसरा भुसावळ ते नागपूर रिकामा दिसला. आता नेहमीच्या शोधात पुणे–मनमाड टाका, ‘करंट अव्हेलेबल’ येतंय का बघा. मग भुसावळ–बडनेरा वेगळं टाका. मधला मनमाड–भुसावळ तुकडा उरला, तर त्याच गाडीत दुसऱ्या क्लासमध्येही शोधा. दोन-तीन तिकिटांचं भाडं एका लांब तिकिटापेक्षा जास्त होतं, आणि मध्यरात्रीनंतर उठून पिशव्या घेऊन डबा बदलावा लागतो. लहान मुलं बरोबर असतील तर हा खटाटोप करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि चार्टनंतर घेतलेलं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे येत नाहीत, तेव्हा सगळे तुकडे जुळतायत हे बघूनच पहिलं घ्या.

बायकांनो, एक गोष्ट आपल्या फायद्याची. पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांना लोअर बर्थ कोटा असतो, एकटीला किंवा फार तर दोघींना. चार्टच्या आधी कोट्याच्या यादीत तो निवडून बघा. जनरलला वेटिंग असताना तिथे बर्थ दिसू शकतो.

महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून येते. तिच्यात पुण्याहून वेटिंग असेल तर कोल्हापूर–बडनेरा शोधा आणि तिकीट काढतानाच चढायचं स्टेशन पुणे ठेवा. थोडे पैसे जास्त जातात. पण स्टेशन बदलायचं राहिलं तर तुम्ही गैरहजर ठरता आणि टीसी बर्थ दुसऱ्याला देऊन मोकळा होतो.

दिवसाचा प्रवास चालत असेल तर ऑगस्ट 2025 पासून पुणे–अजनी (नागपूर) वंदे भारत आहे, बडनेऱ्याला थांबते. दिवसभर खुर्चीत बसून माझी कंबर धरते, म्हणून ती माझी दुसरी पसंती.

ऑनलाइन तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. ते घेऊन गाडीत चढू नका. आरएसी असेल तर बिनधास्त चढा आणि टीसीला गाठा. न आलेल्या प्रवाशांची नोंद तो हातातल्या मशीनवर करतो, पहिला हक्क आरएसीचाच. बर्थ मिळाला आणि पैसे भरायचे असतील तर पावती मागायची, कितीही रात्र झालेली असो.