छापण्याआधी डमी वाचून दाखवा

ऊसतोड कामगारांच्या मुलांवरचं चित्रपुस्तक स्वतः काढताय? छापखान्यात जाण्याआधी साध्या कागदाची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करा आणि ती कोपीवरच्या (ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीतल्या) मुलांना वाचून दाखवा. कोपीचं दार किती ठेंगणं असतं, धाकटं भावंड कोण सांभाळतं, हे ती चित्रावर बोट ठेवून सांगतात. माझ्या लेकीला मात्र डमी ऐकताना अशा चुकांतलं काहीच खटकलं नव्हतं! मुलं जिथे चुळबुळ करतील, तिथला मजकूर बिनधास्त कापा. सेंटर पिनच्या (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) पुस्तकाची पानं चारच्या पटीत बसवा: १६, २४ किंवा ३२. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, भारतात मोफत मिळतो, लेखकही स्वतः अर्ज करू शकतो. मराठी आणि इंग्रजी आवृत्तीला मात्र वेगवेगळा क्रमांक लागतो. सुरुवातीला डिजिटल छपाईत ५०-१०० प्रतीच काढा.