शाळेच्या खिचडीत ताजी भाजी कशी आणावी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार शिजवते, म्हणून आधी हिशोबच सांगते. पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला ७५. साठ लहान लेकरं म्हणजे रोज ३ किलो. एवढी परसबागेतून रोज निघत नाही. बागेत पालक, सांबार (कोथिंबीर), शेवगा लावा. वांगी-भोपळा गावातल्या सेंद्रिय शेतकऱ्याकडून घ्या. कपाशीच्या धुऱ्यावरची (बांधावरची) बरबटी म्हणजे चवळी अन् तरोटा म्हणजे टाकळा मात्र फुकटातही नको. तिथं फवारा कधी मारला, कोणी सांगत नाही.

कुंपण आधी, बियाणं नंतर. बकऱ्यांना शाळेची सुट्टी बरोबर कळते! तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्यात सोडा, साबणाचं नको.

मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला की निंबोळी अर्क. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर झाडाखाली वेचून सावलीत वाळवा. अर्धा किलो कुटून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून दोनदा गाळा, १० लिटर पाणी करा, चिमूटभर साबणचुरा टाका. फवारा संध्याकाळी, पानांच्या खालच्या अंगाला. मावा तिथंच बसतो. नंतर चार-पाच दिवस ती भाजी तोडू नका.

पालक आधी धुवा, मग चिरा, अन् खिचडी उतरवायच्या जरा आधी टाका. तरी काही लेकरं पाला ताटाच्या कडेला लावतातच. शेवग्याचा पाला तुरीच्या वरणात घोटला, की कोणी निवडत बसत नाही.