इंग्रजी-स्कॉटिश आडनावातलं गाव कसं शोधावं?

इंग्रजी आडनाव समोर आलं की मी आधी त्याची शेपटी बघते. ‘टन’ म्हणजे वाडी-वस्ती, ‘ली’ म्हणजे रान तोडून मोकळी केलेली जागा, ‘फर्ड’ म्हणजे नदी पायी ओलांडायचा उतार. ‘बी’ किंवा ‘थ्वेट’ दिसलं की ती व्हायकिंगांची बोली. शोध उत्तर आणि पूर्व इंग्लंडात सुरू करायचा.

मग नकाशा. इथे घाई नको. सटन म्हणजे दक्षिणेकडची वस्ती, आणि अशी सटन गावं ढिगाने आहेत. ब्रिटनच्या 1881 च्या जनगणनेत ते आडनाव कुठल्या भागात दाटीने आढळतं ते पाहा आणि त्याच्या आसपासचं गाव धरा. गावाच्या नावाचं जुनं रूप 1086 च्या ‘डूम्सडे बुक’ या इंग्लंडच्या जमीन-नोंदवहीत ताडून घ्या. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडातलं डरहॅम मात्र त्यात सापडणार नाहीत.

आसपासचं का? नागपुरात सगळेच नागपूरचे. ‘नागपूरकर’ ही ओळख बाहेर पडल्यावर चिकटते. साध्या माणसांचं तिकडेही तसंच झालं. जमीनदार मात्र स्वतःच्याच जहागिरीचं नाव लावत, आणि जहागीर बदलली की नावही बदले. बाराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम द हर्टबर्नला डरहॅमकडचं वेसिंग्टन मिळालं आणि तो विल्यम द वेसिंग्टन झाला. जॉर्ज वॉशिंग्टनचं आडनाव ते हेच. म्हणून जुन्या कागदांत नावापुढे ‘द’ (de, म्हणजे ‘अमुक गावचा’) दिसला की तिथे थांबा आणि त्याच माणसाचं आधीचं नाव शोधा. माझ्या मते सगळ्या शोधात ही पायरी सर्वांत मोलाची आहे.

स्कॉटलंडात मरे हे मोरे प्रांतावरून, डग्लस हे लॅनार्कशरमधल्या डग्लसवरून; गेलिक या तिथल्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ काळं पाणी. आपल्या ओळखीचं एल्फिन्स्टन हे ईस्ट लोथियनमधल्या ट्रॅनेंटजवळचं गाव. मुंबईला त्या आडनावाचे दोन गव्हर्नर लाभले, आणि प्रभादेवी स्टेशन 2018 पर्यंत ‘एल्फिन्स्टन रोड’ होतं. जॉन्स्टोनमधल्या ‘स्टोन’ला दगड समजू नका, ती जॉनची वस्ती, म्हणजे पुन्हा ‘टन’च.

शेवटी, आधी गाव की आधी घराणं हे तपासा. ग्लासगोजवळच्या हॅमिल्टनचं नाव पूर्वी कॅडझो होतं. 1445 मध्ये तिथल्या हॅमिल्टन घराण्यावरून ते बदललं. या आडनावाचं मूळ गाव शोधायचं तर इंग्लंडातच जावं लागतं.