नेत्रतपासणी शिबिराच्या आदल्या दिवशी

उद्या गावात शिबिर असेल तर आज दुपारीच सगळं सामान टेबलावर मांडा. नुसत्या कागदावर टिका मारून पेट्या भरू नका. प्रत्येक वस्तू हातात घ्या, चालू करून बघा, मगच आत ठेवा.

सुरुवात दृष्टितक्त्यापासून. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याची काळजी सगळे घेतात. तक्ता मात्र शेवटी गुंडाळून कुठेतरी खुपसला जातो, आणि हे मला मुळीच पटत नाही. नंबर कुणाचा काढायचा, पडदा कुणाचा बघायचा, शस्त्रक्रियेसाठी कुणाला पाठवायचं, हे सगळं त्या पहिल्या टेबलावर ठरतं. मराठी अक्षरांचा एक आणि वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या इंग्रजी ‘ई’ (E) चिन्हाचा एक, असे दोन तक्ते घ्या. कितीतरी आज्यांना अक्षरओळख नसते आणि चारचौघांत ते सांगायला त्या संकोचतात, म्हणून ‘ई’चाच तक्ता आधी लावलेला बरा. बोटांनी दिशा दाखवली की झालं. तक्ता किती अंतराचा आहे हे छापलेलं नसेल तर पट्टी लावा. ६ मीटरच्या तक्त्यावरचं ६/६० चं (चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून दिसणारं), सगळ्यांत मोठं चिन्ह सुमारे ८७ मिलिमीटर उंच भरतं. ४४ च्या आसपास भरलं तर तक्ता ३ मीटरचा आहे. ३ मीटरचा तक्ता ६ मीटरवर टांगला की चांगले डोळेही अधू ठरतात. उलट झालं तर मोतीबिंदू असलेला माणूस ‘ठीक आहे’ ऐकून घरी जातो.

मोजपट्टी आणि खडू याच पेटीत ठेवा. अंतर तक्त्यापासून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत मोजायचं, खुर्चीच्या पुढच्या पायापर्यंत नव्हे. शाळेचा वर्ग मिळणार असेल तर खिडक्या कोणत्या दिशेला आहेत हे आशाताईंना आजच फोनवर विचारा. प्रकाश तक्त्यावर पडायला हवा, बसणाऱ्याच्या तोंडावर नाही. एक डोळा झाकण्यासाठी झाकणी घ्या. बोटांनी झाकलेला डोळा लोक नकळत दाबतात आणि मग त्याच डोळ्याची पाळी आली की काही क्षण धूसर दिसतं. पिनहोल, म्हणजे बारीक भोकाच्या झाकण्या, दोन-तीन तरी असू द्या. एक-सव्वा मिलिमीटरच्या त्या भोकातून जास्त ओळी वाचता आल्या तर दोष बहुतेक चष्म्याच्या नंबराचा असतो. नाही आल्या तर मोतीबिंदू, पडदा, डोळ्याची नस यांच्याकडे बघावं लागतं. ज्यांना ६/६० सुद्धा दिसत नाही त्यांना ३ मीटरवर आणून पुन्हा तपासायचं, हे स्वयंसेवकांना आजच समजावा. भारतात २०१७ पासून अंधत्वाची सीमा चांगल्या डोळ्याने ३/६० पेक्षा कमी अशी आहे. तिथे अंदाजाने ‘बोटं मोजतो’ लिहून चालत नाही.

नंबराच्या टेबलासाठी ट्रायल सेट, म्हणजे वेगवेगळ्या नंबरांच्या भिंगांची पेटी, उघडून भिंगं जागेवर आहेत का बघा, ०.५० आणि १.०० ची भिंगंच नेमकी हरवतात. मराठी मजकुराचा जवळचा तक्ता घ्या. रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढायचं उपकरण) चार्ज करा आणि खिडकीला लावायला काळं कापड घ्या, कारण उजेडात त्याची झळक दिसत नाही. हातात धरायचा ऑटोरेफ्रॅक्टोमीटर, म्हणजे आपोआप नंबर काढणारं यंत्र, असेल तर न्या, पण लहान मुलांच्या बाबतीत त्याच्या आकड्यावर चष्मा लिहू नका. मूल जवळ बघण्याचा जोर लावतं आणि यंत्र उणे नंबर वाढवून सांगतं.

स्लिट लॅम्पचा (डोळा मोठा करून बघायच्या सूक्ष्मदर्शकाचा) जादा बल्ब, हनुवटीच्या पट्टीसाठी कागद, स्पिरिट, कापूस. एक्स्टेन्शन बोर्ड लांब वायरचा. वीज जाईल असं धरूनच इन्व्हर्टर भरून न्या.

डोळ्याचं प्रेशर शिऑट्झ टोनोमीटरने, म्हणजे बुबुळावर टेकवायच्या उपकरणाने, मोजणार असाल तर तो त्याच्या ठोकळ्यावर ठेवून काटा शून्यावर येतो का हे आज बघा. ५.५, ७.५ आणि १० ग्रॅमची वजनं पेटीत हवीत. प्रत्येक रुग्णानंतर टोक स्पिरिटने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. ओलं टोक बुबुळावर टेकलं तर बुबुळाला इजा होते. लाल, चिकट डोळ्याला तर ते लावायचंच नाही.

फंडस कॅमेऱ्याची, म्हणजे पडद्याचे फोटो घेणाऱ्या त्याच कॅमेऱ्याची, बॅटरी, मेमरी कार्डातली जागा आणि तारीख तपासा. भिंगावरची धूळ फुग्याने उडवा, मग भिंगाच्याच कागदाने पुसा. रुमाल, ओढणी नको. बाहुली मोठी न करता फोटो घेणारा कॅमेरा असला तरी म्हाताऱ्या माणसांची बाहुली लहान असते, त्यात मोतीबिंदू असला की फोटो धूसर येतो. म्हणून बाहुली मोठी करणारे थेंब लागतातच. बाटलीची मुदत बघा, उघडल्याची तारीख लिहायला पेन ठेवा. फेनिलेफ्रिन असलेल्या थेंबांसोबत साधं ट्रॉपिकामाइडही घ्या, कारण रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांना पहिले थेंब टाळलेले बरे. थेंबांआधी टॉर्च कानशिलाच्या बाजूने आडवा धरून बघायचं. बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाच्या नाकाकडच्या अर्ध्यावर सावली पडली तर डोळ्याच्या पुढच्या भागातली जागा उथळ आहे. अशा डोळ्यात थेंब घातले तर काचबिंदूचा तीव्र झटका येऊ शकतो, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा. प्रेशरही थेंबांआधीच मोजायचं. टेबलांचा क्रम त्याच हिशोबाने आजच कागदावर काढा.

गावात निरोप द्यायचा तो असा: जुना चष्मा, चालू थेंबांच्या बाटल्या, साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणा, मोटारसायकल चालवत एकटे येऊ नका. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. शेवटची एसटी किती वाजता सुटते हेही विचारून ठेवा, आणि तिच्या दोन तास आधी नव्या माणसाला थेंब घालणं थांबवा.